ट्रक निघण्याआधी

(रेडिओवर झालेलं हे बोलणं मैत्रिणींच्या मागणीवरून इथं छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येईल.)

 

पोळा झाला, गौरी-गणपती झाले. आता घट बसतील, मग दसरा. आपल्या डोंगराळ भागात दसरा आला की पोटात गोळाही येतो. आपट्याचं सोनं वाटून झालं की घराघरांत सामान बांधायला सुरुवात होते. पातेली, गोधड्या, ज्वारीचं पोतं, कोयते, पाण्याचा ड्रम. मग एका रात्री गावात ट्रक येऊन उभा राहतो. सामान वर चढतं, बाया चढतात, शेळी चढते, आणि पोरंही चढतात. सकाळी पाहावं तर निम्म्या घरांना कुलपं. शाळेत हजेरी घेताना गुरुजी एकामागून एक नाव घेतात आणि वर्गातून आवाज येतो, "ऊसतोडीला गेला गुरुजी."

आज मला बोलायचंय ते या ट्रकमध्ये चढणाऱ्या पोरांबद्दल. आणि त्याहून जास्त आपल्या घरातल्या तरुण मुला-मुलींबद्दल, जी त्यांना खाली उतरवून घेऊ शकतात. बालमजुरी थांबवणं हे काम सरकारचं, पोलिसांचं, मोठ्या संस्थांचं असं आपण म्हणतो. त्यांचं आहेच. पण गावातून ट्रक निघतो तेव्हा तिथं साहेब नसतो. तिथं असतात गावचीच पोरं, सामान चढवायला मदत करणारी. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करू.

माझी गोष्ट

मी पण त्या ट्रकमध्ये बसलेली पोर आहे. बालाघाटच्या डोंगरातलं आमचं गाव. मी चौथीत होते. माझ्या आईनं मला कामाला नेलं नव्हतं. तिनं मला नेलं कारण घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं. आजी वारली होती. आणि धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता, फडात त्याला धरून बसायला कुणीतरी हवं होतं.

पहिल्या हंगामात मी भाऊच सांभाळला. पहाटे चारला आई-दादा फडात जायचे. मी कोपीत भावाला घेऊन बसायची, उजाडलं की त्याला कडेवर घेऊन फडात जायची. दुसऱ्या वर्षी भाऊ चालायला लागला, माझे हात मोकळे झाले. मग मी वाढं गोळा करायला लागले. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. त्याच्या पेंढ्या बांधून चाऱ्यासाठी विकल्या की मीठ-मिरचीचे पैसे सुटायचे. तिसऱ्या वर्षी मी मोळ्या बांधू लागले, भाकरी करू लागले, रात्री गाडी भरताना बॅटरी धरून उभी राहू लागले. मला कुणी "आता तू कामाला लाग" म्हणालं नाही. मी लागले.

दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला पट्टी पडायची, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायचा, आणि आम्ही परत यायचो. वर्गातली पोरं भागाकार करत असायची आणि मला पाढे आठवत नसायचे. सहावीत शाळेनं माझं नाव पटावरून कमी केलं. दादा विचारायला गेले तर सांगितलं, पोरगी येतच नाही तर नाव कशाला ठेवायचं. दादांना पुढं काय बोलायचं ते माहीत नव्हतं. तिथं माझी शाळा संपली. पुढं लग्न झाल्यावर, दोन लेकरं झाल्यावर, १७ नंबरचा फॉर्म भरून मी दहावी झाले. पण तोवर बरीच वर्षं गेली होती.

ही गोष्ट मी रडगाणं म्हणून सांगत नाही. त्यात एक गोष्ट लपलेली आहे, ती नीट पाहा. मूल कामाला जात नाही. मूल आईबरोबर जातं, आणि तिथं गेल्यावर कामाला लागतं. म्हणजे त्याला मागं ठेवायची सोय झाली, तर बरीचशी बालमजुरी सुरूच होत नाही.

उचल कोयत्यावर असते, पोरावर नाही

आता थोडा हिशेब करू. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कुणी आषाढात घेतो, कुणी पोळ्याला. पैसा घर दुरुस्तीत, दवाखान्यात, लग्नात संपूनही जातो. मग ती उचल फेडायची टनावर. जेवढा ऊस तुटेल तेवढे पैसे. एक दिवस चुकला की खाडा पडतो. टनावर पैसे मिळतात म्हणून पोराच्या हातानं बांधलेली मोळीही मोलाची ठरते. त्या मोळीची मजुरी पोराला मिळत नाही, ती आई-बापाच्या टनात जाते. म्हणून कागदावर बघाल तर पोर कामावर नाही. मुकादमाच्या वहीत त्याचं नाव नाही. कारखान्याच्या नोंदीत नाही. आणि इकडं शाळेत विचारलं तर "स्थलांतरित".

पण याच हिशेबात आपल्यासाठी एक वाट आहे. पोराचं नाव मुकादमाच्या वहीत नाही, याचा अर्थ पोरानं यायलाच हवं असं कुठल्याही बोलीत ठरलेलं नाही. उचल घेतली म्हणून जोडीला जावं लागेल. पोराला जावं लागेल असं नाही. त्याचं काय करायचं हे ट्रक निघेपर्यंत आईच्या हातात असतं. आणि आई ते ठरवते तीन प्रश्नांवर. याला दोन वेळ कोण खायला घालेल? रात्री हा कुठं झोपेल? आणि मुलगी असेल तर तिच्याकडं कोण बघेल? या तीन प्रश्नांची उत्तरं जो देईल, तो पोराला ट्रकमधून उतरवेल.

कायदा काय म्हणतो

बालमजुरीचा कायदा १९८६ सालचा आहे. २०१६ मध्ये तो बदलला. आता चौदा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. हॉटेल, गॅरेज, वीटभट्टी, शेत, घरकाम, काहीही असो. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाणीत, स्फोटकांच्या आणि इतर धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पोलीस यात थेट गुन्हा नोंदवू शकतात.

"मग आमच्या पोरानं घरच्या शेळ्या सोडायच्याच नाहीत का?" असं एका बैठकीत एका काकूंनी मला विचारलं होतं. सोडायच्या. शाळा सुटल्यावर, सुट्टीत, आपल्या घरच्या कामात मुलानं मदत केली तर चालते. पण कायद्याच्या नियमांनी त्याला मर्यादा घातली आहे. शाळेच्या वेळेत नाही. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही. आणि ज्या कामाची कमाई होते अशा उत्पादनाच्या, विक्रीच्या कामात नाही. आता तुम्हीच सांगा, पहाटे चारला दुसऱ्याच्या फडात वाढं वेचणं यात कुठं बसतं?

आई-बापांना भीती असते की आपल्यालाच तुरुंगात टाकतील. पहिल्या वेळी आई-बापाला शिक्षा होत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. पुन्हा पुन्हा झालं तर दंड आहे. हे मुद्दाम सांगते, कारण या भीतीनं बाया बोलतच नाहीत.

दुसरा कायदा शिक्षणाच्या हक्काचा. २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. वर्षाच्या मध्ये आलं म्हणून शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. दाखला नाही, जन्माचा कागद नाही, म्हणूनही नाही. वर्ग बुडाले असले तरी त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागं पडलेला अभ्यास शाळेनं भरून काढायचा. माझ्या दादांना हे माहीत असतं तर ते त्या ऑफिसातून मान खाली घालून आले नसते. आज मात्र आपल्या घरात कॉलेजला जाणारी लेक आहे, तिला हे वाचता येतं. तिनं हे चार बापांना सांगितलं तरी एक काम झालं.

तरुणांनी केलं, असं कुठं झालंय?

झालंय, आणि आपल्या शेजारच्याच राज्यात. हैदराबादजवळ रंगारेड्डी जिल्हा आहे. तेव्हा तो आंध्र प्रदेशात होता, आज तेलंगणात आहे. तिथं सालगडी म्हणून राबणारी, गुरं वळणारी मुलं खेड्याखेड्यांत होती. शांता सिन्हा या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाई. त्यांनी आणि एम. व्ही. फाउंडेशन या संस्थेनं १९९१ च्या सुमारास तिथं काम सुरू केलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे मूल शाळेत नाही, ते कामावरच आहे असं धरायचं. मग ते पगारावर असो की घरात धाकट्याला सांभाळत असो.

आणि हे काम केलं कुणी? गावच्या तरुणांनी. यातली बरीच मुलं-मुली घरात पहिल्यांदाच शिकलेली होती. त्यांनी घरोघर जाऊन मुलांच्या याद्या केल्या, आई-बापांशी बोलली, मालकांशी बोलली. कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी शिबिरं घेतली, तिथं मुलं राहायची, बुडालेला अभ्यास भरून काढायची आणि मग थेट आपल्या वयाच्या वर्गात बसायची. शांता सिन्हांना २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं २००७ मध्ये देशाच्या बाल हक्क आयोगाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पण बाईंना एकट्यानं गावागावात पोचता आलं नसतं. पोचले ते गावचे तरुण.

कारण तरुणांकडं तीन गोष्टी असतात, ज्या साहेबाकडं नसतात. कुठल्या घरातलं कोण कुठं गेलंय हे त्यांना माहीत असतं. त्यांच्यातले काही जण स्वतः फडात जाऊन आलेले असतात, म्हणून आई त्यांच्यापुढं मनातलं बोलते. आणि संध्याकाळचे दोन तास त्यांच्याकडं असतात, जे आज मोबाईलवर जातात.

काय करायचं, पायरी पायरीनं

कागद-पेन्सिल असेल तर घ्या. घरी पोरांना ऐकवा. शेजारच्या एका गावात पाच-सहा मुला-मुलींनी हे केलेलं मी पाहिलं आहे, त्यावरून सांगते.

पहिलं काम, यादी. आत्ता, दसऱ्याच्या आधी. वस्ती वाटून घ्यायची, एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी करायची. घरात कोण कोण आहे, कोण ऊसतोडीला जाणार, मुलं किती, वय काय, कितवीत, घरी आजी-आजोबा आहेत का. वहीत लिहायचं. त्या गावातल्या पोरांना वाटलं होतं दहा-बारा मुलं असतील. वहीत तिपटीनं जास्त भरली. आधी गावाला हे दिसतच नव्हतं.

दुसरं काम, आईशी बोलणं. बापाशीही बोलायचं, पण आईशी आधी. "काकू, पोराला शाळेतून काढू नका" असा उपदेश करायचा नाही. काकूंना ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं. विचारायचं, "याला मागं ठेवायचं म्हटलं तर काय काय लागेल?" आणि काकू सांगतील ते लिहून घ्यायचं. एक आई म्हणाली, म्हातारीला दिसत नाही, चूल कोण पेटवणार? दुसरी म्हणाली, पोरगी बारा वर्षांची आहे, रात्री एकटी कशी ठेवू? उत्तरं शोधायची ती या प्रश्नांची.

तिसरं काम, हंगामी वसतिगृह. आपल्या राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामाचे महिने गावातच ही सोय करता येते. मुलं आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं राहतात, आपल्याच शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून मिळतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करून मुख्याध्यापकांमार्फत वर प्रस्ताव पाठवावा लागतो. इथं ती यादी कामाला येते. "आमच्या गावात गरज आहे" असं तोंडी सांगितलं तर साहेब मान हलवतात. वही पुढं ठेवली तर नावं मोजावी लागतात. प्रस्ताव गेला की पोरांनी दर आठवड्याला पंचायत समितीत जाऊन विचारायचं. गोड बोलून विचारायचं, पण विचारायचं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी तालुक्याच्या पातळीवर संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं शासनानं २०२१ साली मंजूर केली. आपल्या तालुक्यात ती सुरू आहेत का, जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यायचं.

चौथं काम, संध्याकाळ. मूल मागं राहिलं, जेवलं, पण आईविना संध्याकाळ मोठी असते. त्या गावात पोरांनी मंदिराच्या ओट्यावर रोज दोन तास अभ्यास घेतला. अभ्यास थोडा, खेळ जास्त. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाला आईशी फोनवर बोलायला द्यायचं, हे एका मुलीनं ठरवलं. मला विचाराल तर त्या सगळ्यात हे सर्वांत मोठं काम होतं. त्या फोनमुळं आई तिकडं निवांत राहिली. नाहीतर बऱ्याच आया महिन्याभरात काळजीनं पोराला बोलावून घेतात.

पाचवं काम, जी मुलं तरीही जातील त्यांच्यासाठी. सगळी राहणार नाहीत. पहिल्या वर्षी त्या गावात अकरा राहिली, बाकीची गेली. जाणाऱ्या मुलाला शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचं. त्यावर त्याचा वर्ग आणि अभ्यास कुठवर झालाय ते लिहिलेलं असतं, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. कुठला कारखाना, कुठलं गाव, हे वहीत लिहायचं आणि तिथल्या शाळेला फोन करायचा. काही शिक्षक बालरक्षक म्हणून अशा मुलांचा शोध घेतात, आपल्या गुरुजींना विचारून त्यांच्यापर्यंत पोचायचं.

सहावं काम, परत आल्यावर. पाडव्यानंतर ट्रक परत येतो. त्या आठवड्यातच मुलाला हाताला धरून शाळेत न्यायचं. जून उजाडायची वाट पाहायची नाही. मधल्या दोन महिन्यांत पोर गॅरेजवर लागतं नाहीतर पोरीचं लग्न ठरतं.

लग्नाचं बोलले म्हणून थांबते. मुकादमाला जोडी लागते. एकटा पोरगा गेला तर अर्धा कोयता. म्हणून पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न लावून जोडी करून पाठवतात. वर आईलाही वाटतं, मागं एकटी ठेवण्यापेक्षा लग्न बरं. बालमजुरी आणि बालविवाह या एकाच दोरीच्या दोन गाठी आहेत. जिथं मुलींना रात्री सुरक्षित झोपायची सोय होते, तिथं दोन्ही सैल होतात. त्या गावात मुलींनी एका विधवा मावशींच्या घरी एकत्र झोपायचं ठरवलं. मावशींनाही सोबत झाली.

काय करायचं नाही

आता एक चूक सांगते. यात मीही होते, म्हणून सांगायचा हक्क आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या तरुण मुलांना रस्त्यावरच्या एका ढाब्यावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा भांडी घासताना दिसला. पोरं चिडली. त्यांनी तिथंच मालकाशी भांडण काढलं, मुलाचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. मलाही पाठवला. मी शाबासकी दिली आणि पुढं चार जणांना पाठवला. दुसऱ्या दिवशी आम्ही अधिकाऱ्यांना घेऊन गेलो तर मुलगा नव्हता. मालक म्हणाला, कुठला मुलगा? रातोरात त्याला हलवलं होतं. तो कुठल्या गावचा, हे भांडणाच्या नादात कुणी विचारलंच नव्हतं. तो मुलगा पुढं आम्हाला सापडला नाही. आजही ढाबा दिसला की माझी नजर मागच्या बाजूला, भांड्यांकडं जाते.

म्हणून हे लक्षात ठेवा आणि पोरांना सांगा. मालकाशी भांडायचं नाही. एकट्यानं मुलाला सोडवायला जायचं नाही. फोटो, व्हिडिओ पसरवायचा नाही. संकटातल्या मुलाची ओळख जाहीर करायला कायद्यानंही मनाई आहे. शांतपणे पाहायचं आणि फोन लावायचा. नंबर आहे एक शून्य नऊ आठ, १०९८. पैसे लागत नाहीत, दिवस-रात्र चालतो. काय सांगायचं? जागा कुठली, जवळची खूण काय, मूल अंदाजे किती वर्षांचं, काय काम करतं, कुठल्या वेळेला दिसतं. आपलं नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. मुलाला मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल तर ११२ लावायचा. मूल सोडवल्यावर त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं नेतात. त्याला घरी पाठवायचं की कुठं ठेवायचं हे ती समिती ठरवते. फोन लावला की आपलं काम संपत नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारायचं, पुढं काय झालं म्हणून.

उचल फेडायला किंवा पैशाच्या बदल्यात मुलाला कुणाकडं ठेवलं असेल, तर ती नुसती बालमजुरी नाही, वेठबिगारी आहे. १९७६ पासून देशात तिला बंदी आहे. तरी २०२२ साली नाशिक जिल्ह्यातली कातकरी वस्तीवरची मुलं थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिल्याचं उघड झालं, तेही एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. असं काही कानावर आलं तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. हे काम एकट्या पोरावर टाकू नका. गटानं मिळून सह्या करा.

आणि आपण, गटातल्या बायांनी काय करायचं?

पोरं उत्साहानं सुरुवात करतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "तुम्हाला काय करायचंय लोकांच्या पोरांचं?" मुकादम गावातलाच असतो, कधी नात्यातला. मुलगी घरोघर फिरायला लागली की तिच्याच घरी बोलणी सुरू होतात. अशा वेळी मागं गट उभा असला की पोरं टिकतात. यादी करायला जाणाऱ्या प्रत्येक जोडीबरोबर गटातली एक बाई जाऊ द्या. तेवढ्यानं घराची दारं उघडतात आणि तोंडं बंद होतात.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. आपल्या गावात त्या बायका कोण आहेत? नुसती सही करतात की बैठकीला बसतात? हंगामी वसतिगृहाचा ठराव तिथूनच निघतो. गावच्या बाल संरक्षण समितीत सरपंच, अंगणवाडी ताई असतात आणि मुलांचे प्रतिनिधीही घ्यायचे असतात. ती समिती शेवटची कधी बसली, हे ग्रामसभेत विचारायला एक बाई उठली तरी पुरे.

तिसरं, पैसा. मूल मागं राहायचं म्हणजे आजीच्या घरात दोन पायली धान्य जास्त, साबण, वह्या, एखाद वेळी औषध. काही घरांत तेवढ्यासाठी मूल नेलं जातं. गटातून असं छोटं कर्ज देता येईल, पट्टी पडल्यावर फेडायचं. रेशनचंही पाहा. आता कार्ड दुसऱ्या गावातही चालतं, म्हणजे जाणाऱ्यांनी आपल्या वाट्याचं तिकडं उचलायचं आणि मागं राहिलेल्यांचं इथं. दुकानदार "सगळे आल्याशिवाय मिळणार नाही" म्हणाला तर मान्य करू नका.

मैत्रिणींनो, उसाचा दर, कारखान्याची मजुरी, डोंगराला पाणी, हे मोठे प्रश्न आहेत. ते सुटल्याशिवाय ट्रक यायचा थांबणार नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी लढायचंच आहे. पण ते सुटेपर्यंत एका पिढीचं चौथीचं वर्ष निघून जातं. ते वर्ष थांबत नाही.

त्या गावात पहिल्या वर्षी ट्रक निघाला तेव्हा मी गेले होते. एक बाई वर चढली, पोरगा खाली. पोरगा रडला नाही, बाई रडली. ट्रक वळणावरून गेल्यावर मंडळातल्या एका मुलानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "चल, क्रिकेट खेळू." माझ्या वेळी असं म्हणणारं कुणी असतं, तर आज मी कदाचित या रेडिओवर वेगळं काही बोलत असते.

दसरा जवळ आला आहे. पुढच्या बैठकीला घरातल्या एका तरुण मुलाला, एका मुलीला बरोबर आणा. हप्ते जमा झाले की एक कोरी वही त्यांच्या हातात द्या आणि वरच्या ओळीत लिहायला सांगा: "यंदा मागं राहणारी मुलं." पहिलं नाव त्याच बैठकीत लिहा. बाकीची नावं ती पोरं भरतील.